एटी टायर घ्या, पण पावसातलं डांबर लक्षात ठेवून घ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या गाड्यांवर पानभर लेख आला होता, फोटो मस्त होते, थार, जिमनी, गुरखा सगळ्या चिखलात लोळलेल्या, पण टायरांबद्दल सगळं मिळून एकच ओळ आणि तीही अशी की ऑल टेरेन, म्हणजे एटी टायर बसवले की गाडी कुठंही जाते. ते वाचलं आणि म्हटलं आता लिहायलाच हवं. आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे, गाडी पाच दारांची जिमनी, तिच्यावर आता एटी टायर आहेत, आणि नात्यात ओळखीत फोर बाय फोर घेतलेले बरेच लोक आहेत त्यामुळे प्रत्येकाचं टायरपुराण ऐकलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच की आपल्या महाराष्ट्रातला सगळ्यात अवघड टेरेन म्हणजे पावसात भिजलेलं डांबर आणि काँक्रीट, आणि एटी टायर नेमका तिथंच कमी पडतो. दुकानात हे कोणी सांगत नाही, तुमच्या लेखात पण नव्हतं.

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणाल बाई टायरांवर खार खाऊन आहे. आमच्या बागेकडे जाणारा रस्ता म्हणजे अर्धा सडा, म्हणजे खडकाळ माळ, आणि अर्धा उतार, सड्यावर कातळ उघडा पडलेला, त्याच्या कडा धारदार, आणि खाली उतरताना लाल माती, जिच्यावर जूनपासून शेवाळ धरतं ते गणपती होऊन गेले तरी जात नाही. मोहर धरायच्या आधी फवारणी सुरू झाली की पाण्याचे ड्रम, औषधं, पंप, माणसं सगळं त्याच रस्त्याने न्यावं लागतं, आणि एप्रिल मे मध्ये भरलेल्या पेट्या त्याच रस्त्याने वर आणाव्या लागतात. गाडीसोबत आलेले टायर हायवे टेरेन, म्हणजे एचटी, ते रस्त्यासाठी बनवलेले आहेत आणि रस्त्यावर छानच चालतात, पण ओल्या मातीच्या चढाला फोर लो, म्हणजे चारही चाकांना जोर आणि हळू गिअर, टाकून जरा जीव मुठीत धरूनच जावं लागायचं. एटी बसवल्यावर तोच चढ गाडी सावकाश, चाक न फिरवता चढते. कारण सोपं आहे, एटीचे ठोकळे मोठे आणि मधल्या चरी रुंद, त्यामुळे माती चरीत शिरते आणि ठोकळ्याची कड खाली रुतून पकड घेते, शिवाय चाक फिरलं की माती बाहेर फेकली जाते. बाजूची भिंत पण जाड असते. जांभ्याच्या कडेने टायरची बाजू फाटली तर पंक्चरवाला हात वर करतो, तिथं प्लग चालत नाही, टायर सरळ भंगारात. आमच्या वाडीत एकाचा नवाकोरा टायर असाच गेला, एवढीशी चीर पण बाजूला. सड्यावर रोजचं जाणं येणं असेल तर एटीचे पैसे नुसत्या त्या जाड बाजूतच वसूल होतात असं माझं मत.

आता डांबर. आम्हाला कोल्हापूर निपाणीकडे जायचं म्हणजे फोंडा घाट. पहिल्या पावसात घाटातल्या डांबरावर तेल, डिझेल, रबराची भुकटी सगळं वर येतं आणि रस्ता साबण लावल्यावाणी होतो हे कोकणातल्या पोरासोरांना पण माहीत आहे. एटी बसवल्यानंतरच्या पहिल्याच जूनमध्ये दाजीपूरकडून खाली उतरताना पुढच्या एसटीने ब्रेक मारला, मी पण मारला, वेग काही फार नव्हता, तरी पेडल पायाखाली थरथरायला लागलं म्हणजे एबीएस, चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची सोय, लागलं आणि गाडी थांबली ती मला सवय होती त्याच्या बरीच पुढं. अंतर ठेवलेलं होतं म्हणून काही झालं नाही. टायर नवे, हवा बरोबर, ब्रेक उत्तम. नंतर दोन तीन ओळखीच्या एटीवाल्यांना विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो हो असं होतं, पावसात जरा लांब थांबते, जणू काही ते टायरसोबत फुकट मिळालंय.

याचं कारण लोकांना वाटतं तसं पाण्यावर तरंगणं नाही. खोल चरी पाणी चांगलं बाहेर काढतात, साचलेल्या पाण्यातून जाताना नवा एटी उलट बराच असतो, रुंद आणि घासलेला टायर जास्त तरंगतो. गडबड होते ती पातळ ओलीवर. चरी रुंद म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी, ठोकळे उंच म्हणून ब्रेक मारताना वाकतात, आणि दगडाने कापू नये म्हणून रबर बहुतेक वेळा कडक ठेवलेलं असतं, कडक रबर ओल्या गुळगुळीत रस्त्याला नीट धरत नाही. ठोकळ्यांवर ज्या बारीक केसासारख्या चिरा असतात त्या याचसाठी असतात, त्या जितक्या जास्त आणि जितक्या खोलपर्यंत गेलेल्या तितकं ओल्यात बरं. टायर घेताना आपण बाहेरून तो किती राकट दिसतो ते बघतो, त्या चिरा कोण बघतं? आणि त्या वरच्यावर असल्या तर टायर अर्धा घासेपर्यंत गायब होतात, मग दुसऱ्या तिसऱ्या पावसाळ्यात तोच टायर आणखी घसरतो.

आणि इथंच फोर बाय फोरचा दुसरा गैरसमज येतो. चार चाकांना जोर मिळतो तो पळायला, थांबायला नाही. ब्रेक तर साध्या अल्टोला पण चारही चाकांना असतात. ओल्या घाटात चढ सहज चढली म्हणून उतारावर पण तशीच थांबेल असं वाटणारे लोक मी बघितलेत, फोर एच, म्हणजे नेहमीच्या वेगाला चारही चाकांचा जोर, टाकून डांबरावर वळणं घेतात, मग गाडी आखडल्यासारखी चालते म्हणून सर्व्हिस सेंटरला तक्रार. अहो जिमनी काय किंवा थार काय, यांना पुढच्या मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे चाकांच्या वेगातला फरक सामावून घेणारा गिअर, नाही, वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि तो फरक जायला जागा नसते, मातीवर चाक थोडं घसरून तो निघून जातो, डांबरावर सगळा ताण गिअरवर येतो. पुस्तकात लिहिलेलं असतं, पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकसकट असतं.

माझा भाचा पुण्यात असतो, थार आहे, ऑफिस हिंजवडी. त्याच्या मॉडेलला कंपनीकडूनच एटी टायर होते, म्हणजे तसं काही बदलायची गरजच नव्हती, पण पठ्ठ्याने मड टेरेन, म्हणजे खास चिखलाचे एमटी टाकले. का तर दिसतात भारी. आता गाडी साठच्या पुढं गेली की घुंऽऽऽ असा आवाज सुरू होतो, तो गाण्याचा आवाज वाढवतो, त्याची बायको मागं बसून कान धरते. मी चिखल कुठाय रे तुझा असं विचारलं तर म्हणाला मावशी ताम्हिणीला जातो ना. ताम्हिणीचा रस्ता डांबरी आहे हो! बरं आवाज नवीन टायरला कमीच असतो, खरा वाढतो तो काही हजार किलोमीटर झाल्यावर, कारण ठोकळ्याची एक कड जास्त घासते आणि दुसरी तशीच राहते, हात फिरवला तर करवतीसारखं लागतं. नांदगाव तिठ्यावरचा आमचा पंक्चरवाला टायरावर नुसता हात फिरवून सांगतो की रोटेशन केलेलं नाही. आठ दहा हजारांनी चाकं अदलाबदल केली आणि अलाइनमेंट बघितली तर हे बरंच आटोक्यात राहतं.

मायलेजचा विषय निघाला की प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो त्यामुळे यावर थोडं हिशोबाने बोलते. जिमनीचा मूळ साइज १९५/८० आर १५, म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ८० टक्के आणि रिम १५ इंची, त्याचा व्यास ६९३ मिलिमीटर येतो. बरेच जण २१५/७५ आर १५ टाकतात, तो ७०३ च्या आसपास, म्हणजे दीड टक्का मोठा. हौशी लोक २३५/७५ आर १५ टाकतात, तो ७३३, जवळजवळ ६ टक्के मोठा. आता टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते पण मीटरला ते कळत नाही, मीटर १०० दाखवतो तेव्हा चाकं मूळ हिशोबापेक्षा ६ ने जास्त पळत असतात आणि १०० किलोमीटर झाले असं ओडोमीटर म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात १०६ झालेले असतात. म्हणजे तुमची गाडी खरंच १२ देत असेल तरी मीटरच्या आकड्याने काढलं तर ती ११.३ दिसणार. एटी जड असतो, रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे टायर फिरताना होणारा विरोध, जास्त असतो, पेट्रोल जास्त जातंच, पण लोक जे "दोन दोनने पडलं" म्हणून रडतात त्यातला काही भाग असा नुसता कागदावरचा असतो. आणि एवढं करून जमिनीपासून उंची किती वाढते? व्यासाच्या वाढीच्या निम्मी. २१५ टाकला तर जेमतेम ५ मिलिमीटर. एवढ्यासाठी लोक बंपर कापतात!

साइज मोठा करण्याचा कायद्याचा भाग पण आहे. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करण्याबद्दल आहे आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाही. साइज तोच ठेवून नक्षी बदलली तर कोणाचं काही म्हणणं नसतं. पण मडगार्डच्या बाहेर चार बोटं आलेले टायर घालून अपघात झाला तर इन्शुरन्सचा सर्व्हेअर पहिला फोटो त्याचाच काढणार.

आणखी एक, दुकानदार अगदी कौतुकाने एलटी, म्हणजे लाइट ट्रकचे टायर दाखवतात, टेन प्लाय, दहा थरांच्या ताकदीचा आहे म्हणे, काय्येक होवचा नाय. तो टायर अमेरिकेतल्या जड पिकअप ट्रकांसाठी बनवलेला असतो. आमची जिमनी १२०० किलोच्या आसपास, तिच्यावर तो घातला तर टायर वाकतच नाही, गाडी प्रत्येक खड्ड्यात उडते आणि ओल्यात पकड आणखी कमी. जड गाडी असेल, वर टपावर सामान, मागं ट्रेलर, तर गोष्ट वेगळी. हलक्या गाडीला साधा, पॅसेंजर रेटिंगचा एटी पुरतो.

कोकणातल्या लाल मातीचं मी वर सांगितलं पण सगळा महाराष्ट्र काही लाल नाही. माझे चुलत दीर लातूरकडे असतात, स्कॉर्पिओ आहे फोर बाय फोर, शेत रस्त्यापासून आत. ते एटी घेऊन अगदी खूश होते मृगापर्यंत. काळी माती भिजली की ती टायरच्या चरीत जाते आणि बाहेर येतच नाही, चारही चाकं पुरणात घोळल्यासारखी, मग तो एटी आहे का एचटी आहे का गोटा झालेला आहे याला काही अर्थ उरत नाही, मडगार्डपर्यंत माती भरते आणि चाक फिरायचं थांबतं. तिथं एमटी थोडा बरा पण तोही किती वेळ. गावातले जुने लोक पाऊस आला की गाडी डांबरीवरच लावून चालत जातात किंवा ट्रॅक्टरने जातात, आणि तेच बरोबर आहे. तिथला खरा उपाय पाणंद रस्त्याला खडी मुरूम पडणं हा आहे. मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून म्हणे पाणंद रस्ते व्हायचे होते, त्याचं काय झालं त्यावर तुम्ही एखादं पान दिलंत तर टायरांपेक्षा जास्त लोकांचं भलं होईल. जाऊ दे, विषय वेगळा आहे.

त्याच दिरांकडून समृद्धीवरचं ऐकलं, वर्षातून एखाद दुसऱ्या वेळी मे महिन्यात नागपूरला जातात, आणि तिथं प्रत्येक पंपावर कोणी ना कोणी सांगतो की ऊन आहे, काँक्रीट तापतं, हवा कमी ठेवा. साहेब हे छापून टाका एकदा मोठ्या अक्षरात, हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकली की तापते, आणि तापून तापून आतले थर सुटतात, मग फुटतो. दारावरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तो थंड टायरसाठीचा आहे, सकाळी गाडी निघायच्या आधीचा. नंतर पाच सहा डिग्री तापमान वाढलं की हवेचा दाब साधारण १ पीएसआय वाढतो, म्हणजे सकाळचे ३० दुपारी ३५ झाले तर ते बरोबरच आहे, टायर बनवणाऱ्याने ते धरलेलं असतं, ती हवा सोडायची नाही. नायट्रोजनने हे वाढणं थांबतं असं सांगून पैसे घेतात, साध्या हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो. एटीला हे जास्त लागू पडतं कारण जाड ठोकळे उष्णता धरून ठेवतात, आणि आपले लोक ऑफरोडला म्हणून हवा २० ला आणतात आणि कंप्रेसर घरी विसरून तसेच हायवेला लागतात. हवा सोडायची असेल तर भरायचं साधन डिकीत पाहिजेच, नाहीतर सोडू नये. एटीवर वेगमर्यादेचं क्यू असं अक्षर दिसलं तर तो ताशी १६० पर्यंतचा, एस १८०, टी १९०, एच २१०. समृद्धीची मर्यादा १२० आहे त्यामुळे अक्षरावरून घाबरायचं कारण नाही, पण हे आकडे नीट हवा भरलेल्या, वयात असलेल्या टायरचे आहेत. आपल्याकडे पाच दारांच्या गाडीत सात माणसं, टपावर सामान, टायर सात वर्षांचा, आणि मग टायर कंपनीला शिव्या.

वयावरून आठवलं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. एटी फारसे खपत नाहीत त्यामुळे लहान गावातल्या दुकानात ते पडून राहतात, हा आकडा बघूनच घ्या, डिस्काउंट कशाचा आहे ते कळतं. जून २०२० मध्ये सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध घातले तेव्हापासून बाहेरचे ब्रँड मिळणं अवघड झालं आणि जुना स्टॉक "इम्पोर्टेड आहे" म्हणून मिरवायला लागला. आता इथं बनणारे एटी पण पुष्कळ आहेत, अडून राहायचं कारण नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, म्हणजे मूळ किंमत १०,००० असेल तर आधी १२,८०० पडायचे ते आता ११,८००, पाच टायरांमागे ५,००० वाचतात, बिल नीट तपासा.

पाच म्हटलं कारण पाचच घ्यायचे. चार एटी आणि मागच्या दारावर जुनी एचटी स्टेपनी हे साध्या गाडीला चालून जातं, फोर बाय फोरला नाही. वेगळ्या व्यासाचं एक चाक लावून फोर एच टाकलं की पुन्हा तोच गिअरवरचा ताण, आणि तो पण जंगलात जिथं पंक्चर झालंय तिथंच. पाचही रोटेशनमध्ये फिरवले की सगळे सारखे घासतात. फक्त जड स्टेपनीमुळे मागचं दार काही वर्षांनी लटकायला लागतं, बिजागरीकडे लक्ष असू द्या.

आता समुद्र. यावर बोलल्याशिवाय देवगडच्या माणसाचं पत्र पुरं होणार नाही. डिसेंबर सुरू झाला की पुण्या मुंबईच्या फोर बाय फोर येतात आणि सरळ किनाऱ्यावर उतरतात, का तर एटी आहेत. ओहोटीला पुळण, म्हणजे किनाऱ्याची ओली वाळू, घट्ट असते, गाडी मस्त पळते, रील होते, मग कोणीतरी कोरड्या भुसभुशीत वाळूकडे वळवतो आणि चाक फिरवतो. वाळूत एटीचे ते कौतुकाचे ठोकळे फावड्याचं काम करतात, जितकं फिरवाल तितकं खाली. वाळूत हवा कमी करून टायर पसरवणं एवढाच उपाय असतो, नक्षीचा तिथं फार संबंध नाही. मग भरती. मग आमच्याकडे ट्रॅक्टर मागायला येतात, आणि आमचा ट्रॅक्टरवाला पण आता शहाणा झालाय, पाणी कुठवर आलंय ते बघून भाव सांगतो. गुजरातेत मुंद्र्याला जून २०२४ मध्ये दोन थार रीलसाठी समुद्रात घातल्या आणि अडकल्या, पोलिसांनी गुन्हा नोंदवला, ते सगळ्या देशाने बघितलं तरी फरक नाही. खाऱ्या पाण्यात बुडालेलं बेअरिंग, ब्रेक, वायरिंग पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, ते तुमचं नुकसान, तुम्ही बघा. पण तांबळडेगच्या किनाऱ्यावर, तिकडे वायंगणीला, वेळासला, आंजर्ल्याला, गोव्यात मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, नेमकी याच पर्यटनाच्या महिन्यांत, वाळूत हात दीड हात खाली. वरून गाडी गेली की वाळू दाबली जाते, आणि चाकांच्या खोल चाकोऱ्यांत बाहेर आलेली पिल्लं अडकतात, त्यांना तो खंदकच. तुमच्या लेखातला एक फोटो किनाऱ्यावरचा होता. पुढच्या वेळी असा फोटो छापू नका ही माझी नम्र विनंती, नम्र म्हणजे खरं तर कळकळीची.

बर्फाचं दोन ओळीत. लडाख मनालीला जाणारे आपले लोक टायरवर एम प्लस एस (मड आणि स्नो, चिखल आणि बर्फ) बघून निर्धास्त होतात, ती अक्षरं नक्षीच्या रचनेवरून देतात, बर्फावर चाचणी झालीय असा त्याचा अर्थ नाही. डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह असेल तर झालेली असते, आणि काळ्या बर्फावर, म्हणजे रस्त्यावर न दिसणाऱ्या पातळ बर्फावर, दोन्हीचा उपयोग नाही, साखळ्या लागतात.

मग एटी घ्यावा का नाही असं भाचा विचारतो. माझं उत्तर असं की आठवड्यातून निदान काही वेळा मातीत, दगडात, सड्यावर जात असाल तर जरूर घ्या, मी पुन्हा घेईन, पण पावसाळ्यात पुढच्या गाडीपासून अंतर वाढवून चालवायचं हे त्याच्या किमतीत धरून घ्या. वर्षातून दोनदा राजमाचीला जाण्यासाठी घेणार असाल तर चांगला एचटी ठेवा आणि राजमाचीला हवा थोडी सोडा, तेवढ्याने काम होतं. पुणे मुंबई रोज करणाऱ्याला एमटी विकणाऱ्या दुकानदाराला तर काय बोलावं.

आता तुमच्याकडून काय हवंय ते सांगते. युरोपात टायर विकताना त्यावर लेबल लागतं, इंधनाचं, आवाजाचं आणि ओल्या रस्त्यावर पकड किती याचं, ए पासून ई पर्यंत. मे २०२१ पासून तर ते नव्या स्वरूपात आहे. ८० च्या वेगातून थांबताना एका पायरीचा फरक साधारण ३ ते ६ मीटरचा धरतात, म्हणजे आमच्या जिमनीची एक लांबी, म्हणजे पुढच्या एसटीच्या मागं थांबणं किंवा एसटीत घुसणं. आपल्याकडे केंद्राने २०२२ मध्ये टायरसाठी ओल्या पकडीचे, आवाजाचे, रोलिंग रेझिस्टन्सचे नियम आणले, पण तो पास नापासचा मामला झाला, दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दोन टायरांपैकी ओल्यात कोणता बरा हे कळायला काही नाही. स्टार लेबल आहे ते इंधन बचतीचं. अहो चार महिने पाऊस पडणाऱ्या देशात टायरवर पेट्रोलचे स्टार आणि पावसाचं काहीच नाही!

तेव्हा तुमच्या गाड्यांच्या पानाने हे काम करावं. जुलैमध्ये, बंद रस्त्यावर किंवा एखाद्या मोकळ्या पट्टीवर, पोलिसांची परवानगी काढून, एकच गाडी, एकच ड्रायव्हर, तोच साइज, आधी एचटी आणि मग दोन तीन कंपन्यांचे एटी, पाणी मारलेल्या डांबरावर ६० वरून शून्य, प्रत्येकी पाच सहा वेळा, आणि मीटरमध्ये आकडे नावासकट छापा. अर्धे घासलेले टायर पण घ्या त्यात, नव्यावर तर सगळेच बरे असतात. जाहिरातवाले थोडे नाराज होतील, होऊ देत. गाडी मिळत नसली तर आमची घेऊन जा, तेव्हा बागेत खत घालून झालेलं असतं आणि गाडी उभीच असते, पेट्रोल तेवढं तुमचं.

आपली नेहमीची वाचक,
एक आंबा बागायतदार, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग